खळ दिलेलं टेबल

टेबल आमच्याकडे आलं ते सुटं होऊन. दौंडहून टेम्पो आला, त्यात खाली उसाचं पाचट, पाचटावर एकावर एक रचलेल्या पाच शिळा, शेजारी पोत्यांत गुंडाळलेले लाकडी पाय, आणि सगळ्यात वर डोक्याला टॉवेल बांधून बसलेला माझा मामा. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्या घरातलं कुणीतरी गाजावाजा न करता गेलं आणि आता समाधीचे दगड आले. आईनं बाहेर येऊन टेम्पोवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती तसा तो कशावरूनही टाकायची. माझ्यावरून तर प्रत्येक निकालाच्या दिवशी टाकायची, आणि त्याचा काही उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

मामा दौंडला रेल्वेत फिटर होता. तिथं साहेबांच्या वेळचा एक क्लब होता आणि त्यात दोन मोठी बिलियर्डची टेबलं, कापडाखाली दगडी शिळा असलेली. साहेब गेले, त्यांचं बघून शिकलेले गार्ड आणि ड्रायव्हर एकेक करून रिटायर झाले, आणि शेवटी दोन टेबलांना मिळून खेळणारा माणूस एकच उरला, तो म्हणजे मामा. तेव्हा एक टेबल तिथंच ठेवून दुसरं काढून टाकायचं ठरलं आणि ते मामानं उचललं. त्याचा विचार सरळ होता. रांजणगावला कंपन्या येत होत्या, कारेगावात एकेका खोलीत पाच-पाच पोरं राहत होती, आणि सुट्टीच्या दिवशी त्या पोरांना भिंतीकडं बघत बसण्यापलीकडं काम नव्हतं. टीव्हीवर आता केबल आली होती; विलायतेतली विशी न ओलांडलेली पोरं जाकीट घालून तसल्याच टेबलावर स्नूकर खेळताना दिसत होती. "दाजी, ह्यो आता साहेबाचा खेळ ऱ्हायला न्हाई," मामा वडलांना म्हणाला. "पोरांचा झालाय. तुमची शेड मोकळीच हाय."

शेड मोकळी होती हे खरं. आमचं मूळ निमोण्याचं, मेंढरांवर जगलेलं घर. चराईची रानं गेली, कळप आटत आटत गेला, आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, शिरूरच्या कडेला घर केल्यावर शेवटची मेंढरंही दिली. त्यानंतर ते रोज सकाळी मोकळ्या शेडीकडं तोंड करून बसायचे. आई चहा आणून ठेवायची, चहावर साय धरायची, ती साय बोटानं काढून टाकून ते गार चहा प्यायचे. मामाचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "मेंढरं राखली, आता दगडं राखू म्हणतोस?"

पण मग मामानं हिरव्या कापडाची गुंडाळी सोडली. आण्णांनी सवयीनं त्यावर पंजा ठेवला आणि तो पंजा तिथंच राहिला. त्यांनी एकदा इकडून तिकडं हात फिरवला, एकदा तिकडून इकडं. "ही तर लोकर हाय," ते म्हणाले. "केस एका अंगाला झुकलाय बघ. उलटा हात लावला की खडबडतं." मामा म्हणाला, "व्हय दाजी, बॉलसुद्धा त्याच अंगानं वळतो." आण्णांच्या तोंडावर त्या वर्षात पहिल्यांदा मी काहीतरी हललेलं पाहिलं. त्या दिवसापासून टेबलाची राखण त्यांच्याकडं गेली. पोरं येण्याआधी ते मऊ ब्रश घेऊन कापड झाडायचे, नेहमी पांढऱ्याच्या टोकापासून काळ्याच्या टोकाकडं, म्हणजे पांढरा बॉल जिथून सुटतो तिथून काळा ठेवतात तिथं, कधी उलटं नाही. कुठं विरलं तर बारीक सुईनं असं भरायचे की बॉललासुद्धा कळू नये. पांढऱ्या बॉलला ते "बकरं" म्हणायचे, कारण कळपापुढं बकरं जातं आणि बाकीची त्याच्या मागं. हा त्यांचा खेळाचा एवढाच अभ्यास, पण अजून तरी मला स्नूकरची याहून बरी व्याख्या कुणी सांगितलेली नाही.

शेडीचा वास मात्र कधी गेला नाही. फरशी धुतली, चुना दिला, उदबत्त्या लावल्या, तरी पत्रा तापला की लेंड्यांचा वास पुन्हा अंगावर यायचा. कारेगावची पोरं आत आली की नाकाला रुमाल लावायची. "चाचा, बकरी पाली थी क्या इधर?" असं बिहारकडच्या एकानं विचारलं तर आण्णा दुखावून म्हणाले, "बकरी नहीं, मेंढी." दुपारभर पत्र्याचा कडकड आवाज, बॉलवर बॉल आपटल्याचा टक् आवाज, आणि स्वयंपाकघरातून हुलग्याच्या शेंगोळ्यांना लसणाची फोडणी बसल्याचा चर्र आवाज. आई हरलेल्या पोराला वाडगाभर शेंगोळ्या द्यायची. जिंकलेल्याला नाही. "त्याचं पोट भरलंय की," म्हणायची. त्यामुळं काही पोरं मुद्दाम हरतात असा मामाचा संशय होता.

मी बारावीला नापास होऊन घरी होतो. घरी असणं हा माझा तेव्हाचा व्यवसाय. उंची भरपूर, अंगात जोर नाही, नांगराला नको आणि कंपनीलाही नको असा मी मुलगा. पण टेबलावर ओणवा झालो की हात बरोबर बसायचा. का ते मला ठाऊक नाही. मामा सुट्टी मिळाली की यायचा, नाहीतर मी दौंडला त्याच्याकडं जाऊन राहायचो. क्वार्टरच्या खिडकीतून शंटिंगचे धक्के ऐकू यायचे. मामा म्हणायचा, "ऐक. इंजिन डब्याला धडकत न्हाई, हळू जाऊन टेकतं. तसा बॉल टेकव. मारू नगंस. पाठव." मी पाठवायला शिकलो. पांढरा बॉल मी जिथं म्हणायचो तिथं जाऊन उभा राहायचा. आमच्या शेडीत मला हरवणारं कुणी उरलं नाही, मग पाबळच्या टेक्निकल शाळेतली पोरं सायकली दामटत बघायला यायला लागली. मामा लोकांना सांगायचा, "शिरूरचा उगवता खेळाडू." आई विचारायची, "उगवून काय करायचं पुढं?" एका सोयऱ्यांनी मुलगा काय करतो विचारलं तेव्हा तिनं पदराआडून उत्तर दिलं होतं, "काठीनं गोट्या ढकलतो." ते सोयरे परत आले नाहीत.

मग मामानं पुण्याची बातमी आणली. राज्याच्या शिबिरासाठी पोरं निवडायची होती, एका जिमखान्यावर, मॅच लावून. कुणीही नाव द्यावं. त्यात निवड झाली तर शिकवायला खराखुरा प्रशिक्षक, आणि पुढं चांगलं खेळलं तर पेट्रोलच्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात, असं त्यानं ऐकलं होतं. एकवीस वर्षांच्या आतली पोरंच घेणार होते आणि माझं ते वय संपत आलं होतं. म्हणजे ही पहिली वेळ आणि शेवटचीही. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरी शब्द ऐकला तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडं आधी कधी पाहिलं नव्हतं. बाजारात दुसऱ्याच्या कळपातलं उमदं जनावर बघावं तसं.

पुण्याला जायच्या साधारण तीन आठवडे आधी आम्ही दौंडला मामेबहिणीच्या साखरपुड्याला चार दिवस गेलो. आण्णा आले नाहीत. म्हणाले, शेडीत काम आहे. आम्ही परतलो तेव्हा शेडीची दोन्ही दारं सताड उघडी, वारा आरपार, आणि आण्णा दारात उभे. हाताला चिकट पांढुरकं काहीतरी वाळलेलं. "ये. हात लाव," म्हणाले.

घोंगडं जुनं होऊन ढिलं पडलं की त्याला खळ द्यायची, ही आमच्या घरची रीत. चिंचोके भाजायचे, साल काढून भिजवायचे, वाटायचे, शिजवून त्याची पातळ पेज करायची आणि कुंच्यानं लोकरीच्या अंगाअंगात भरायची. वाळलं की घोंगडं ताठ उभं राहतं, पाऊस वरच्यावर निथळतो. आमचं हिरवं कापड ढिलं पडलं होतं, मधे मधे टक्कल पडलं होतं. नवं आणणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तर पोराच्या परीक्षेआधी त्याचं टेबल नवं करावं म्हणून आण्णांनी आपल्याला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली गोष्ट केली होती. एकट्यानं, तीन दिवस खपून, केसाच्या दिशेनं, एक वळ न उठवता. कापड नगाऱ्यासारखं ताणून बसलं होतं. खरं सांगतो, दिसायला ते फार सुंदर दिसत होतं.

मी पांढरा बॉल ठेवला आणि पाठवला. तो खर्र करत निघाला आणि टेबलाच्या मध्यावर, चढ लागलेल्या बैलगाडीसारखा, थांबला.

"कसं?" आण्णांनी विचारलं.

"झकास," मी म्हणालो.

घरात लग्नकार्य असलं, चार पाहुणे जमले, की मला पुण्याच्या मॅचची गोष्ट सांगायला लावतात आणि मी ती हसवून सांगतो. त्या गोष्टीत हे खळीचं कधी येत नाही. तिथं मी थेट जाकिटावर जातो.

पुढचे आठवडे मी त्या टेबलावर खेळलो. जिथं टेकवायचं तिथं ठोकावं लागे, जिथं ठोकायचं तिथं खांद्यातून जोर काढावा लागे. आठवडाभरात हाताला ते जमलंही, आणि तेच वाईट झालं. कारेगावची पोरं हसायची. "आण्णा, भाकरी थापलीय का टेबलावर?" एक जण म्हणाला. आण्णा हसून म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई ती. माझ्या पैलवानासाठी हाय." क्लबात कापडावर फिरवतात तशी इस्त्री फिरवून बघावी असं मी एकदा आडून सुचवलं, तर म्हणाले, "खळीवर इस्त्री फिरवत न्हाईत, लोकर करपती." विषय संपला.

मामा आला तेव्हा जायला आठवडाच राहिला होता. त्यानं बॉल घरंगळत सोडला, तो कुठं थांबला ते बघितलं, आणि मला पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"ह्ये कवा झालं?"

"आम्ही साखरपुड्याला आलो व्हतो तवा."

"पुण्यात नवीन कापड असतंय दत्ता. काचंवानी पळतंय. ह्याच्यावर खेळून तुझा हात नांगऱ्याचा व्हईल. आत्ता चल माझ्यासंगं दौंडला, क्लबातलं टेबल हाय."

"आण्णांला काय सांगू?"

"मी सांगतो."

जेवायला बसलो. मामानं दोन घास खाल्ले आणि सुरुवात केली, "दाजी, टेबलाचं बघितलं..." आण्णांचा हात भाकरीवरच थांबला. "बघितलंस?" ते म्हणाले. "माझ्या बापानं शिकवली ही खळ. त्याच्या हातच्या घोंगड्याला पाऊस भेदला न्हाई कधी. म्हटलं, मेंढरं गेली, इद्या बी गेली. पर पोराच्या कामाला आली बघ." आणि आईला म्हणाले, "अगं, पाव्हण्याला शेंगोळ्या वाढ." मामानं खाली मान घालून त्या सगळ्या खाल्ल्या. मग म्हणाला, "लई मेहनत घेतली तुम्ही." दुसऱ्या दिवशी तो एकटाच दौंडला गेला. एसटीत चढताना त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. खेळातलं सगळं शिकवणारा माझा मामा आणि मी, दोघं मिळून एका वाक्याला हरलो होतो.

आता जाकीट. जिमखान्याच्या नियमात काळी पँट, पांढरा सदरा आणि जाकीट असं होतं. मामानं दौंडच्या एका बँडवाल्याचं जाकीट मिळवलं. आईनं त्यावरची सोनेरी फीत उसवली, पण फितीच्या जागी कापड गडद राहिलं होतं, त्यामुळं मी लांबून फीत लावल्यासारखा आणि जवळून फीत चोरीला गेल्यासारखा दिसत होतो. पाहुणे इथं हसतात. जिमखान्याच्या दारातल्या माणसानं मला "बँड मागच्या गेटनं" असं सांगितलं, हेही मी सांगतो. ते घडलेलं नाही. पण घडलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं.

समोर चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा होता, चष्मा लावलेला, दातांना तार. क्यू, म्हणजे खेळायची काठी, ठेवायला त्याच्याकडं कुलपाची पेटी होती. त्याचा प्रशिक्षक त्याच्याशी हळू आवाजात इंग्रजीत बोलत होता, आणि तो पोरगा ऐकता ऐकता केळं खात होता. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत आण्णा, धुतलेलं धोतर, नवा फेटा, पाय जवळ घेऊन बसलेले. शेजारी मामा.

मी पहिला फटका दिला. पांढरा लाल बॉलला लागून परतायला हवा होता. तो परतला, आणि परततच राहिला, आणि कोपऱ्यातल्या जाळीत जाऊन पडला, म्हणजे फाऊल. मी म्हटलं, हळू. पुढचा इतका हळू दिला की तो लालला पोचलाच नाही. तोही फाऊल. मग ठोकला, मग पुन्हा जाळीत. माझ्या हातानं काय करायचं ते माझ्या हाताला आठवेना. बकरं सुटलं होतं, माझं ऐकत नव्हतं. तो पोरगा चष्मा वर सारून यायचा, एकेक बॉल टेकवत जायचा, अगदी मामा शिकवायचा तसा. एकही फ्रेम, म्हणजे एकही डाव, मला मिळाला नाही. शेवटी त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "वेल प्लेड, काका." मी वीस वर्षांचा होतो.

हल्ली माझा भाचा मला मोबाईलवर मॅचेस पाठवतो. चीनची सोळा वर्षांची पोरं, टेबलाखाली कापड कोरडं राहावं म्हणून हीटर लावलेले, पोरांच्या मागं डाएटवाले आणि मनाचे डॉक्टर. शिरूरातसुद्धा आता मोबाईलच्या दुकानावर स्नूकरचं एसी पार्लर आहे. मी बघतो आणि कळतं, की तसाही मी फार पुढं गेलो नसतो. खेळ आमच्यासारख्यांना मागं टाकून पळायला लागलाच होता. पण हे आज कळतं. त्या दुपारी मला एवढंच ठाऊक होतं, की मी याहून चांगला खेळतो.

मॅच संपल्यावर सगळे उठले. आण्णा उठून टेबलापाशी गेले. पंचाला त्यांनी हात जोडून काहीतरी विचारलं, पंचानं मान हलवली, आणि आण्णांनी त्या नव्या कापडावर पंजा ठेवला. एकदा इकडून तिकडं. एकदा तिकडून इकडं. मग लाल बॉल घेऊन बोटानं जरासा लोटला. तो बॉल न थांबता पार पलीकडच्या कडेला जाऊन टेकला. आण्णा तो बघत राहिले. मामा माझ्या दंडाला धरून उभा होता. त्याची बोटं रुतली होती.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. शिक्रापूर गेलं, रांजणगाव गेलं. कारेगावला पोरं उतरली तेव्हा म्हणाले, "गाडीला आज गर्दी लई."

सकाळी उठलो तर शेडीत पाण्याचा आवाज. आण्णा टेबलावर वाकून रिठ्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं कापड पुसत होते. जोरात, केसाच्या उलट. कापड फुगलं होतं, जागोजागी गोळे उठले होते, कडेनं शिळेवरून सुटून वर आलं होतं.

"आण्णा, राहू द्या."

"निघत न्हाई," ते म्हणाले. "लोकरीत बसली की निघत न्हाई. मला म्हाईत हाय." आणि पुसत राहिले. थोड्या वेळानं न बघता विचारलं, "तुला पहिल्याच दिशी कळलं व्हतं?"

"व्हय."

"आन् पाव्हण्याला?"

"त्यालाबी."

त्यांनी फडकं बादलीत टाकलं. हात धोतराला पुसले. "मेंढरू कातरताना कातर लागली," ते म्हणाले, "तर ते पाय झाडतं. मुकं जनावर, पर पाय झाडतं. मग मानूस हात आखडतो. तू निदान पाय तरी झाडायचास रं."

मी पुढं झालो तसे ते बादली उचलून बाहेर निघून गेले.

कापड मग आम्ही काढलंच. नवं कधी घातलं नाही. पोरं येईनाशी झाली, आणि दिवाळीनंतर मी कारेगावजवळच्या एका कंपनीत स्टोअरला चिकटलो, तो अजून तिथंच आहे. मामा दौंडहून यायचा, पण टेबलाबद्दल आण्णांसमोर पुन्हा कुणी बोललं नाही. घर पक्कं बांधलं तेव्हा चार शिळा ओट्याला आणि मोरीला गेल्या. पाचवी आण्णांनी दाराबाहेर विटांवर ठेवून घेतली, बसायला. शेवटची वर्षं त्यांची त्या शिळेवर गेली. शेजारी तांब्या असायचा. हात कापायला लागल्यावर पाणी सांडायचं. ती शिळा इतकी सपाट, की सांडलेलं पाणी कुठंच वाहायचं नाही, जिथं पडलं तिथंच थबकून राहायचं. आण्णा बोलता बोलता ते तळहातानं हळूच सारायचे, नेहमी एकाच अंगाला, पांढऱ्याच्या टोकाकडून काळ्याकडं, कधी उलटं नाही.